नऊ क्रेडिटचं सेमिस्टर: आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे कमी विषय घेतले, तर अमेरिकेतल्या आर्थिक मदतीचं काय होतं?

माझ्या मुलीने कॉलेजच्या पहिल्याच सेमिस्टरला १५ क्रेडिट घेतले, म्हणजे पाच विषय. तिला अकराव्या वर्षापासून संधिवात आहे. न्यू जर्सीत ऑक्टोबरमध्ये गारठा सुरू झाला तशी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी आठच्या प्रयोगशाळेत तिला पिपेटही धरता येईना. सातव्या आठवड्यात तिने दोन विषय सोडले. सोडण्याआधी कॉलेजात चौकशी केली, तेव्हा तिला सांगण्यात आलं की सोडलेस तरी काही बिघडत नाही.

जानेवारीत दोन पत्रं आली. एकात लिहिलं होतं की तिची शैक्षणिक प्रगती पुरेशी नसल्यामुळे सरकारी मदतीबाबत तिला इशारा देण्यात येत आहे. दुसरं पत्र गुणवत्ता शिष्यवृत्तीचं होतं. सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट पूर्ण करण्याची अट तिने मोडली होती, त्यामुळे पुढची रक्कम थांबवली होती. उरलेल्या तिन्ही विषयांत तिला ए मिळाला होता. ती पत्रं हातात घेऊन पोर किती तरी वेळ जिन्यात बसून होती.

दोन्ही गोष्टी पुढे सुटल्या, पण त्यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी जे शिकले ते आधी कळलं असतं, तर तिने तेच नऊ क्रेडिट घेतले असते आणि एकही पत्र आलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तर आहेच, पण पुण्याहून, नागपूरहून इथे शिकायला येणाऱ्या मुलांसाठीही आहे. त्यांचे नियम वेगळे आहेत, ते शेवटी येतील.

आधी आपल्या डोक्यातला एक समज बाजूला ठेवू. आपण ज्या पद्धतीत शिकलो तिथे वर्षाचे विषय ठरलेले असायचे. राहिलेला विषय एटीकेटीने काढायचा, नाही तर वर्ष वाया गेलं म्हणायचं. आपणहून कमी विषय घ्यायचे आणि पदवी सावकाश पुरी करायची, ही सोयच नव्हती. त्यामुळे मुलगी 'नऊच क्रेडिट घेते' म्हणाली की आपल्या कानाला ते 'मागे पडते' असं ऐकू येतं. इथली पदवी क्रेडिटवर मोजतात. बहुतेक पदव्यांना १२० क्रेडिट लागतात. ते आठ सेमिस्टरमध्ये केले काय आणि तेरामध्ये केले काय, प्रमाणपत्र तेच मिळतं.

पैशाचा हिशोब मात्र तेवढा सरळ नाही. सरकारी मदतीच्या भाषेत सेमिस्टरला १२ किंवा जास्त क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ, ६ म्हणजे अर्धवेळ. मदतीच्या प्रत्येक प्रकाराचं घड्याळ निराळं आहे. एक फक्त क्रेडिट बघतं, एक घेतलेले आणि पास झालेले यांचं गुणोत्तर काढतं, एक वर्षं मोजतं. कमी विषय घेतल्याने एखादं घड्याळ थांबतं, एखादं तसंच चालू राहतं. घोळ होतो तो इथे.

डिसॅबिलिटी ऑफिसचं पत्र काय करतं आणि काय करत नाही

शाळेत असताना मुलाच्या गरजा ओळखण्याची जबाबदारी शाळेवर असते. आयईपी, म्हणजे त्या मुलासाठीची खास शिक्षण-योजना, बनतं, आईवडिलांना बैठकीला बोलावतात. कॉलेजात हे सगळं संपतं. तिथे लागू होतात ते १९७३च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९०चा अपंग नागरिकांविषयीचा कायदा, म्हणजे एडीए. या कायद्यांनुसार कॉलेजला भेदभाव करता येत नाही आणि वाजवी सोयी द्याव्या लागतात, पण आधी विद्यार्थ्याने स्वतः जाऊन मागायला हवं. अठरा वर्षं पूर्ण झाली किंवा कॉलेजात नाव घातलं की शैक्षणिक नोंदींवरचे हक्क मुलाकडे जातात. आईने कितीही फोन केले तरी समोरून नम्रपणे नकारच येतो. बहुतेक ठिकाणी मुलीने संमतीपत्र भरून दिलं तरच आपल्याशी बोलतात.

इथे आपल्या घरांत एक अडचण येते आणि ती मी स्पष्टच लिहिते. 'अपंग' हा शब्द आपल्याला लावून घ्यायला नको वाटतो. चाकाची खुर्ची नाही, काठी नाही, मग कशाला? मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर काय सांगायचं? पण कायद्याची व्याख्या खूप रुंद आहे. २००८मध्ये एडीएत सुधारणा झाली, तेव्हा स्पष्ट केलं गेलं की अधूनमधून उफाळणारा आजारही यात येतो. तो उफाळलेला असताना रोजच्या मोठ्या कामांत मोठा अडथळा आणत असेल, तर एरवी माणूस ठीक दिसतो हे कारण पुढे करता येत नाही. संधिवात, अपस्मार, क्रोन्स, नैराश्य, एडीएचडी, मायग्रेन, कॅन्सरनंतरचा थकवा हे सगळं यात बसू शकतं. कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसात, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या खात्यात, केलेली नोंद गोपनीय असते आणि ती गुणपत्रिकेवर कधीच उमटत नाही.

तिथे कागदपत्रं दिली की इतर सोयींबरोबर 'रिड्यूस्ड कोर्स लोड' मागता येतो. मंजुरी मिळाली की पत्र येतं: या विद्यार्थिनीला या सेमिस्टरला कमी क्रेडिट घेण्याची मुभा आहे आणि कॉलेज तिला पूर्णवेळ विद्यार्थिनी मानेल. हे वाचून बहुतेकांना वाटतं की पैशांचाही प्रश्न मिटला. तो मिटत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या नियमांपुरतं ते पत्र चालतं. वसतिगृहात राहण्यासाठी १२ क्रेडिटची अट, ऑनर्स प्रोग्राममधली जागा, विषय नोंदवण्याचा अग्रक्रम अशा गोष्टींत त्याचा उपयोग होतो. पण केंद्र सरकारची मदत प्रत्यक्ष घेतलेल्या क्रेडिटवर मोजतात. पत्र कितीही भारी असलं तरी नऊ क्रेडिटचे बारा होत नाहीत.

शिवाय डिसॅबिलिटी ऑफिस आणि फायनान्शियल एड ऑफिस ही दोन वेगळी खाती आहेत. बऱ्याच ठिकाणी त्यांची एकमेकांत बातचीत होत नाही. एका ऑफिसने दिलेली मंजुरी दुसऱ्याच्या कानावर घालणं हे विद्यार्थ्याचंच काम.

पेल ग्रँट: ज्याची उगाच भीती वाटते

सगळे मराठी लोक काही आयटीत नसतात. भावाने बोलावलं म्हणून ग्रीन कार्डवर आलेली, किराणा दुकानात किंवा वृद्धाश्रमात नोकरी करणारी कुटुंबं आमच्याच गल्लीत आहेत. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा मोठा आधार म्हणजे पेल ग्रँट. ती फेडावी लागत नाही. नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना फॅफ्साचा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा, अर्ज भरून ती मिळते. २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे.

२०२४-२५ पासून पेलचा हिशोब क्रेडिटगणिक होतो. १२ किंवा जास्त क्रेडिटला १०० टक्के, ११ला ९२, १०ला ८३, ९ला ७५, ६ला ५०, अगदी ३ क्रेडिटलाही २५ टक्के. आधी पूर्ण, पाऊण, अर्धी आणि त्याहून कमी अशा चारच पायऱ्या होत्या. तेव्हा ११ क्रेडिट घेणाऱ्यालाही ९ क्रेडिटएवढेच पैसे मिळायचे. कमी विषय घेणाऱ्यांसाठी नवी पद्धत खरंच बरी आहे.

आता ज्याला पूर्ण पेल लागू आहे असा एक विद्यार्थी घेऊ. वर्षाच्या ७,३९५चे दोन सेमिस्टरला सारखे वाटे, म्हणजे सेमिस्टरला साधारण ३,६९७ डॉलर. नऊ क्रेडिट घेतले तर त्याचे ७५ टक्के, म्हणजे सुमारे २,७७३. दोन सेमिस्टरचे मिळून ५,५४६. मग उरलेले १,८४९ बुडाले का? नाही. त्याने उन्हाळ्याच्या सत्रात सहा क्रेडिट घेतले, तर तिथे ५० टक्क्यांनी नेमके तेवढेच मिळतात आणि वर्षाचे ७,३९५ पुरे होतात. क्रेडिट झाले ९ अधिक ९ अधिक ६, म्हणजे २४. पूर्णवेळ विद्यार्थी किमान क्रेडिट घेऊन वर्षात एवढेच करतो. ज्या आजारात थंडीत त्रास वाढतो आणि उन्हाळ्यात शरीर साथ देतं, त्यात ही मांडणी फार उपयोगी पडते. आम्ही आता हेच करतो.

पेलला आयुष्यभराची मर्यादा आहे, ६०० टक्के. पूर्णवेळ शिकणाऱ्याच्या १२ सेमिस्टरएवढी. हे ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो, कारण आपलं मूल तर सात वर्षं घेणार. पण हे घड्याळ वर्षं मोजत नाही, मिळालेलं प्रमाण मोजतं. वर्षाला दोन सेमिस्टर नऊ-नऊ क्रेडिट घेणाऱ्याचे वर्षाला ७५ टक्के खर्च होतात. १२० क्रेडिटना त्याला सहा वर्षं आणि वर आठ महिने लागतील, आणि तोवर ५०० टक्के वापरून होतील. दर सेमिस्टरला बारा घेणाऱ्याचीही १० सेमिस्टरमध्ये नेमकी ५०० टक्केच खर्च होतात. सावकाश चालणाऱ्याला पेल शिक्षा करत नाही. हे गणित मी वहीत मांडून पाहिलं, त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

एक पथ्य मात्र पाळायचं. सेमिस्टरच्या सुरुवातीला एक ठरलेली तारीख असते, त्या दिवशी नोंदलेल्या क्रेडिटवर पेल पक्की होते. ही तारीख प्रत्येक कॉलेजात वेगळी. बारा नोंदवून त्या तारखेआधी नऊवर आलात, तर पैसे कमी होतात आणि आधी खात्यावर जमा झाले असले तर परत द्यावे लागतात. आणखी एक धोका सगळेच विषय सोडण्याचा. सेमिस्टरचे ६० टक्के दिवस पुरे होण्याआधी सगळं सोडलं, तर न 'कमावलेली' मदत परत जाते आणि कॉलेजचं बिल विद्यार्थ्याच्या नावावर उभं राहतं. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरला ही रेषा साधारण नवव्या आठवड्याच्या शेवटी येते. दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर सगळं सोडण्याआधी हा दिवस कॅलेंडरवर बघा. एखादा विषय चालू ठेवता येईल का, किंवा 'इन्कम्प्लीट' शेरा घेऊन राहिलेलं काम नंतर पुरं करता येईल का, हे विचारा.

आम्ही जिथे ठेचकाळलो

सरकारी मदत चालू राहण्यासाठी विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक असावी लागते. याला इथे सगळे 'सॅप' म्हणतात. त्यात तीन गोष्टी बघतात: गुणांची सरासरी, वेग आणि एकूण कालावधी.

सरासरीचं सगळ्यांना कळतं. घात वेगाने होतो. नाव वेग असलं तरी ते पळण्याबद्दल नाही. जेवढे क्रेडिट घेतले त्यांतले किती पुरे केले, हे ते गुणोत्तर. बहुतेक कॉलेजं किमान ६७ टक्के मागतात. माझ्या मुलीने घेतले १५, पुरे केले ९, म्हणजे ६० टक्के. सोडलेल्या विषयांपुढे गुणपत्रिकेवर जो डब्ल्यू येतो तो सरासरी बिघडवत नाही, पण या भागाकारात खाली बसतो. तिने पहिल्या दिवशीच नऊ घेतले असते, तर नवापैकी नऊ, शंभर टक्के.

ही गोष्ट प्रत्येक घरात समजायला हवी. कमी विषय घेतल्याने सॅप मोडत नाही. जास्त घेऊन मध्येच सोडल्याने मोडतो. आपली मुलं जिद्दी असतात, आपणच त्यांना तसं वाढवलेलं असतं. 'बघू जमेल तेवढं, नाही तर सोडेन' असं म्हणून ती पाच विषय घेतात. दुखण्याशी झगडणाऱ्या मुलासाठी हा सगळ्यांत महाग पर्याय आहे. दुखणं जाणारं नाही हे माहीत असेल, तर कमीपासून सुरुवात करावी आणि तब्येतीने साथ दिली तर सेमिस्टरच्या मध्यावर सुरू होणारा छोटा कोर्स जोडावा. मात्र पेलची तारीख उलटल्यावर जोडलेल्या क्रेडिटचे पैसे मिळतील का, हे जोडण्याआधी विचारावं.

एकूण कालावधीची मर्यादा पदवीच्या दीडपट असते. कॉलेज ती क्रेडिटमध्ये मोजत असेल, तर १२० क्रेडिटच्या पदवीसाठी १८० क्रेडिट घेईपर्यंत मुभा असते. तसं असेल तर सावकाश शिकणाऱ्याला चिंता नाही. पण नियम कॉलेजला ही मर्यादा वर्षांतही मोजू देतो. तेव्हा आपल्या कॉलेजचं सॅपचं धोरण उघडून ही एक ओळ शोधाच.

सॅप मोडलाच तर अपील करता येतं. नियमातच स्वतःचं आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू आणि इतर खास परिस्थिती ही कारणं म्हणून दिलेली आहेत. अपिलात दोन गोष्टी लिहायच्या असतात: काय घडलं, आणि आता काय बदललं ज्यामुळे ते पुन्हा घडणार नाही. दुसरा भाग लोक विसरतात. आमच्या पत्रात आम्ही लिहिलं की आता डिसॅबिलिटी ऑफिसात नोंद झाली आहे, यापुढे सेमिस्टरला नऊच क्रेडिट असतील, प्रयोगशाळा दुपारची घेतली आहे आणि औषध बदललं आहे. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं. त्यात निदानाच्या मोठ्या शब्दांपेक्षा आजाराचा अभ्यासावर होणारा परिणाम साध्या वाक्यांत होता. एका सेमिस्टरमध्ये वेग वर येणार नसेल, तर कॉलेज टप्प्याटप्प्याची शैक्षणिक योजना आखून देतं. ती पाळली तोवर मदत चालू राहते.

कर्ज

सरकारी विद्यार्थी कर्जासाठी किमान अर्धवेळ, म्हणजे सहा क्रेडिट लागतात. पाचवर आलात की नवं कर्ज बंद, आणि आधीच्या कर्जाची सहा महिन्यांची सवलतीची मुदत सुरू होते. ती संपली की हप्ते. सहाची ही रेषा फार जपायची.

इथे एक नवा बदल आहे. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६पासून पूर्णवेळापेक्षा कमी क्रेडिट घेणाऱ्याची वार्षिक कर्जमर्यादाही प्रमाणात कमी केली आहे. आधी नऊ क्रेडिटवालाही पूर्ण मर्यादेपर्यंत कर्ज काढू शकायचा. तिसऱ्या वर्षाच्या मर्यादेचं उदाहरण घेऊ. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला ती ७,५०० डॉलर असते. वर्षभर नऊ-नऊ क्रेडिट घेतले तर ती साधारण ५,६२५ होते. जे सक्तीने सावकाश शिकतात त्यांच्या खोलीभाड्यात आणि जेवणात काही पाऊण पट सवलत मिळत नाही. माझ्या मते हा बदल अपंग विद्यार्थ्यांवर अन्याय करणारा आहे. पण नियम आहे, तेव्हा बजेट त्यानुसारच आखावं लागेल.

वर्षाचं नावही फसवं आहे. कर्जासाठी 'दुसरं वर्ष' कॉलेजात घालवलेल्या वर्षांवर ठरत नाही, जमवलेल्या क्रेडिटवर ठरतं. आणि पूर्ण पदवीसाठी ३१,००० डॉलरची जी एकूण मर्यादा आहे, ती जास्त वर्षं लागली म्हणून वाढत नाही. पहिल्या वर्षांत हात राखून कर्ज काढणं, हे यावर सुचतं.

शिष्यवृत्त्या आणि राज्यांची मदत

कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांत बहुतेक वेळा १२ किंवा १५ क्रेडिटची अट असते, आणि मुदत आठ सेमिस्टरची. इथे डिसॅबिलिटी ऑफिसचं पत्र खरंच कामाला येतं, कारण हा पैसा आणि हा नियम दोन्ही कॉलेजचेच. मागायच्या गोष्टी दोन: क्रेडिटची अट शिथिल करा, आणि आठ सेमिस्टरची मुदत वाढवून द्या. पहिली मिळते आणि दुसरी मागायची राहून जाते. मग नवव्या सेमिस्टरला पैसे थांबतात आणि तोवर ओळखीचा अधिकारीही बदललेला असतो. दोन्ही उत्तरं ईमेलवर घ्या. काही कॉलेजं रक्कम पूर्ण देतात, काही क्रेडिटच्या प्रमाणात देतात, काही नकार देतात. नकार आला तर कलम ५०४चं काम बघणारा अधिकारी प्रत्येक कॉलेजात नेमलेला असतो, त्याच्याकडे लेखी दाद मागता येते.

राज्यांचे नियम फार वेगवेगळे आहेत. न्यूयॉर्कची 'टॅप' ही मदत पूर्वी मुख्यतः पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी होती, आता ती बऱ्याच अर्धवेळ विद्यार्थ्यांनाही मिळते, आणि एडीएखाली येणाऱ्या विद्यार्थ्यांना अर्धवेळ असताना ती मिळण्याची वेगळी खास तरतूद आहे. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट अर्धवेळ विद्यार्थ्यांनाही मिळते, प्रमाणात कमी होऊन. आपल्या राज्याच्या मदतीच्या नियमांत अपंगत्वाची तरतूद शोधा. ती पहिल्या पानावर नसते.

न मागितल्यामुळे राहून जाणारे पैसे

फॅफ्साच्या अर्जात अपंगत्वाबद्दल एकही प्रश्न नाही. औषधांवर वर्षाला काही हजार डॉलर गेले तरी त्या अर्जात ते दिसत नाहीत. म्हणून अर्ज भरल्यावर फायनान्शियल एड ऑफिसला वेगळं लिहायचं. विम्याने न भरलेला वैद्यकीय खर्च दाखवला, तर तिथल्या अधिकाऱ्याला कायद्याने कुटुंबाची आर्थिक स्थिती पुन्हा मोजण्याचा अधिकार आहे. दुसरं म्हणजे शिक्षणाचा एकूण अंदाजे खर्च. प्रत्येक कॉलेज तो ठरवतं, आणि त्यात अपंगत्वामुळे येणारा खर्च धरण्याची तरतूद कायद्यातच आहे: मदतनीस, खास वाहतूक, उपकरणं, जे दुसरी कुठली संस्था देत नाही ते. हा आकडा वाढल्याने लगेच हातात पैसे पडत नाहीत, पण मदतीची वरची मर्यादा वर सरकते आणि नवी शिष्यवृत्ती मिळाली तर जुनी कापली जाण्याची शक्यता कमी होते.

प्रत्येक राज्यात व्यावसायिक पुनर्वसनाचं सरकारी खातं असतं. नाव ऐकून वाटतं की हे कारखान्यात जखमी झालेल्या कामगारांसाठी असेल. ते कॉलेजची फी, पुस्तकं, उपकरणं यांनाही मदत करू शकतं, फक्त शिक्षण नोकरीच्या ठरवलेल्या ध्येयाशी जोडलेलं हवं. आधी पेलचा अर्ज केलेला असावा लागतो. ज्यांना एसएसआय (कमी उत्पन्नाच्या अपंग व्यक्तींना मिळणारा सरकारी भत्ता) मिळतं त्यांना तिथे आपोआप पात्र मानतात. एसएसआय असलेल्या घरांना एक भीती असते की कॉलेजच्या मदतीमुळे ते बंद होईल. पेल आणि सरकारी कर्ज यांना एसएसआयचा हिशोब करताना उत्पन्न धरत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी २००८पासून मान्यताप्राप्त ट्रान्झिशन प्रोग्राम आहेत. नेहमीच्या पदवीला प्रवेश नसला तरी तिथे पेल मिळू शकते, कर्ज मात्र मिळत नाही.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी मुलाच्या जन्मापासून ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, पैसे टाकलेले असतात. त्यातून राहण्याजेवणाचा खर्च करमुक्त काढायचा, तर विद्यार्थी किमान अर्धवेळ हवा. म्हणजे इथेही सहाचीच रेषा. विम्याची चिंता नको. २६ वर्षांपर्यंत मूल आईवडिलांच्या पॉलिसीवर राहू शकतं, कॉलेजात एकही क्रेडिट नसलं तरी.

एफ-१ आणि एच-४वर असलेल्यांसाठी

भारतातून एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्यांना फॅफ्साची मदत मिळत नाही. त्यांच्या बाबतीत कमी विषय घेण्याचा पहिला परिणाम पैशावर होत नाही, व्हिसावर होतो. एफ-१ला पूर्ण अभ्यासक्रम घेणं बंधनकारक आहे. वैद्यकीय कारणासाठी सूट मिळते: एका पातळीच्या शिक्षणात, म्हणजे पदवीला किंवा मास्टर्सला, एकूण १२ महिने. त्या काळात गरज पडली तर एकही क्रेडिट न घेता राहता येतं. परवानाधारक डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, आणि दर सेमिस्टरला मंजुरी नव्याने घ्यावी लागते.

यात क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसातल्या डीएसओने, म्हणजे व्हिसाच्या नोंदी बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याने, सरकारच्या सेव्हिस प्रणालीत परवानगी नोंदवायची, त्यानंतरच विषय सोडायचा. डिसॅबिलिटी ऑफिसचं पत्र हातात आहे म्हणून आधी विषय सोडला, तर व्हिसाची अट मोडलेली असते. एडीएची सोय आणि व्हिसाची सूट या दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत. आणि १२ महिने हा आकडा खरंच कमी आहे. कायमचं दुखणं असेल तर ते महिने पहिल्याच वर्षी संपवू नका. पूर्णवेळाच्या किमान क्रेडिटमध्येच सोपे आणि अवघड विषय मिसळून काही सेमिस्टर निभावता येतात का, हे सल्लागाराबरोबर बसून ठरवा. नैराश्यासाठी हे पत्र मागायला आपली मुलं कचरतात, घरी कळेल म्हणून. ते घरी कळवत नाहीत. पत्र मागा.

एच-४वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांनाही सरकारी मदत नाही, पण त्यांच्यावर पूर्ण अभ्यासक्रमाची सक्तीही नाही. ती हवे तेवढे कमी क्रेडिट घेऊ शकतात. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि तोवर ग्रीन कार्ड झालं नसेल तर बहुतेक जण एफ-१वर जातात. मग ते १२ महिन्यांचं बंधन यांनाही लागू होतं. त्यामुळे दुखणं असलेल्या मुलाने मोकळीक आहे तोवर हलकी सेमिस्टर घ्यावीत, आणि पुढची जड जातील हे धरून चालावं.

माझ्या मुलीचं आता ठरलेलं वेळापत्रक आहे. विषयांची नोंदणी उघडण्याच्या तीन आठवडे आधी ती डिसॅबिलिटी ऑफिसात जाऊन नवं पत्र घेते, कारण ते एका सेमिस्टरपुरतंच चालतं. मग त्याच दिवशी फायनान्शियल एड ऑफिसला आणि शिष्यवृत्तीच्या ऑफिसला मिळून एकच ईमेल जातो: "मला ९ क्रेडिटची मुभा मिळाली आहे, पत्र सोबत जोडलं आहे. ९ क्रेडिट घेतल्यास माझी पेल, कर्ज, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि सॅप यांतलं काय बदलेल, कृपया प्रत्येकाचं वेगळं उत्तर लेखी द्यावं." उत्तर आठवड्याभरात येतं. आलं नाही तर ती पुन्हा लिहिते. उत्तर हातात पडल्यावरच ती विषय नोंदवते. प्रयोगशाळा दुपारची.